एका पावलाची चित्रं

अपघातानंतर त्रिशला मगदूम पहिल्यांदा स्वतःच्या पायांवर उभी राहिली, तेव्हा तिच्यावर उपचार करणाऱ्या पुण्याच्या संस्थेतल्या खोलीत बरीच माणसं होती. तिचा नवरा भूपाल दाराशी उभा होता. तिची चप्पल त्याने इचलकरंजीहून आठवणीने आणली होती. ती तिच्यापुढे ठेवायचं मात्र त्याला सुचलं नाही. तो नुसता तिच्या पावलांकडे बघत राहिला.

त्रिशला एका मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका होती. तिच्या खो-खो संघाचं जिल्ह्यात नाव होतं. दोन वर्षांपूर्वी स्कूटरवरून घरी येताना मागून टेम्पोचा धक्का बसला आणि पाठीचा कणा दुखावला. कमरेखालची जाणीव गेली. मेंदू हुकूम देत होता, पाय शाबूत होते, फक्त मधली वाट तुटली होती.

मज्जासेतू नावाच्या यंत्रणेने ती वाट जोडली. मेंदूवर कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ एक पट्टी, जखमेच्या खाली कण्यालगत दुसरी, आणि कमरेच्या पट्ट्यात सुपारीच्या डबीएवढा संगणक. त्रिशलाच्या मनात काय करायचं आहे ते वरची पट्टी ऐकायची आणि खालची ते स्नायूंपर्यंत पोचवायची. पण चालायला नुसता हुकूम पुरत नाही. पाऊल उचलायचं तर तळव्यावर किती भार आहे, गुडघा किती वाकला आहे, कंबर कुठे कलली आहे, कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय काय सांगतं आहे, या सगळ्यांचा मेळ एकाच वेळी घालावा लागतो. संगणकात यातलं प्रत्येक काम स्वतंत्रपणे, सतत चालू असे. इंजिनीअर लोक अशा एकेका कामाला धागा म्हणत. भूपाल यंत्रमाग दुरुस्त करायचा. त्याला तो शब्द ऐकून बरं वाटलं, ओळखीचं कुणी भेटल्यासारखं.

हे सगळे धागे मिळून एकच चित्र सांभाळत. या क्षणी त्रिशलाचा देह कसा आहे, भार कुठल्या पायावर आहे, कुठला गुडघा सरळ आहे, याचं ते चित्र. त्याला देहचित्र म्हणत. प्रत्येक धागा ते वाचायचा, त्यात आपल्या वाट्याची दुरुस्ती करायचा आणि परत लिहून ठेवायचा. एका सेकंदात हजारो वेळा हे चाले. त्यावरून स्नायूंना आज्ञा जात, आणि बघणाऱ्याला दिसे ते इतकंच की एक बाई चालते आहे.

पहिले काही महिने स्वप्नासारखे गेले. त्रिशला शाळेत रुजू झाली. मुलींनी तिला मैदानाच्या मधोमध नेऊन उभं केलं आणि भोवती फेर धरला. घरात ती जिना चढायची, भाकऱ्या थापायची, पंचगंगेच्या घाटापर्यंत चालत जायची. सकाळी उठल्यावर पाय जमिनीला लागले की ती तिथेच क्षणभर थांबायची. जमीन थंड लागत नव्हती, ती जाणीव परत आली नव्हती. पण जमीन तिला धरून होती.

मग ती पडू लागली.

कधी आठवड्यात दोनदा, कधी महिनाभर एकदाही नाही. सपाट जागी, काही कारण नसताना, उचलायचा नसलेलाच पाय उचलला जायचा आणि ती आडवी व्हायची. खो-खोत सूर मारायची सवय असल्यामुळे मोठी इजा टळत होती. पण एकदा ती धाकट्या जावेच्या, राजमतीच्या, बाळाला कडेवर घेऊन व्हरांड्यातून येत होती आणि पाय गेला. पडता पडता तिने अंग वळवलं आणि पाठीवर आपटली. बाळाला खरचटलंसुद्धा नाही. राजमती धावत आली, बाळाला उचलून घेतलं, आणि वहिनींना लागलं का म्हणून विचारलं. रागावली नाही. मात्र त्या दिवसानंतर तिने बाळ त्रिशलाच्या हातात दिलं नाही, आणि त्रिशलानेही मागितलं नाही.

पुण्याला खेपा सुरू झाल्या. संस्थेतल्या लोकांनी कमरेच्या संगणकाला नोंद ठेवणारं यंत्र जोडलं आणि तिला चालायला लावलं. ती दिवसभर चालली. एकदाही पडली नाही. यंत्र काढून घरी यायला निघाली आणि बस स्टँडवरच पडली. पुन्हा गेली, पुन्हा तेच. संस्थेचे प्रमुख डॉ. रणदिवे शांत स्वभावाचे गृहस्थ होते. यंत्रणेत काहीही दोष सापडत नाही, मोठ्या अपघातानंतर मनात भीती घर करून बसते आणि तीच ऐन वेळी पायांना चुकीचा हुकूम देते, असं त्यांनी समजावून सांगितलं. मज्जासेतू बसवलेली देशात सव्वाशे माणसं होती आणि त्यांतल्या काहींना असाच त्रास होता, हेही सांगितलं. त्यांनी तसं लिहून दिलं आणि मानसोपचाराचा सल्ला दिला.

परतीच्या प्रवासात भूपालने डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद पुन्हा उघडून वाचला. मग म्हणाला, "ते एवढे शिकलेले. यंत्र सांगतंय सगळं ठीक आहे. थोडं मनावर घेऊन बघ की."

"यंत्र पडत नाही," त्रिशला म्हणाली. "मी पडते."

यानंतर ती पडण्याबद्दल घरात बोलेनाशी झाली. पडली तर उठायची, साडी झटकायची आणि कुणी पाहिलं का ते बघायची. भूपाल जवळ असला की भिंतीला धरून चालायची. त्यालाही ते कळत होतं. दोघं एका घरात राहत होती आणि दोघांच्या मध्ये ती एक गोष्ट भिंतीसारखी उभी होती.

त्याच सुमारास संस्थेतली एक तरुण इंजिनीअर, नाझनीन बागवान, तपासणीसाठी इचलकरंजीला आली. ती मूळची मिरजेची. त्रिशलाशी ती ताई म्हणून बोलू लागली. नोंदी बघून झाल्यावर तिने एक वेगळाच प्रश्न विचारला: नोंद ठेवणारं यंत्र जोडलेलं असताना चालणं जरा जड वाटतं का? त्रिशलाने विचार केला. हो, वाटायचं. पाण्यातून चालल्यासारखं.

नाझनीन उठून उभीच राहिली. म्हणाली, मला वाटतं तेच खरं असेल तर ताई, तुम्ही पडता हे यंत्राला कधीच दिसणार नाही. मग स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून तिने दोघांना समजावलं.

घरात आमटी उकळते आहे. त्रिशला चव घेते, मीठ कमी. त्याच वेळी राजमतीही दुसऱ्या बाजूने चव घेते, तिलाही मीठ कमी लागतं. दोघी मीठ आणायला वळतात. दोघीही टाकतात. दोघींचंही चुकलं नाही, प्रत्येकीने चव घेऊनच टाकलं. तरी आमटी खारट झाली, कारण एकीने चव घेतल्यापासून मीठ टाकेपर्यंतच्या मधल्या वेळात दुसरीचा हात आत आला. देहचित्राचंही असंच होत असलं पाहिजे. तळव्याचा धागा चित्र वाचतो आणि त्यात लिहायला घेतो की भार आता डाव्या पायावर आला. त्याच क्षणी तोलाच्या धाग्याने जुनंच चित्र वाचलेलं असतं. तो आपली दुरुस्ती करून पूर्ण चित्र परत लिहितो, आणि तळव्याने लिहिलेलं पुसलं जातं. संगणक समजतो, भार उजवीकडेच आहे. म्हणून तो डावा पाय उचलतो.

"आणि यंत्र जोडलं की हे का होत नाही?" भूपालने विचारलं.

नोंदी ठेवणारं यंत्र प्रत्येक धाग्याला क्षणभर अडवतं आणि काय केलंस ते विचारतं, नाझनीन म्हणाली. त्या अडवण्याने सगळे जरा मागेपुढे होतात आणि टक्कर टळते. बघायला गेलं की चूक लपते.

भूपालने ओट्यावरचा मिठाचा डबा उचलून फळीवर ठेवला.

हे सिद्ध करायचा एकच मार्ग नाझनीनला दिसत होता. चव घेणं आणि मीठ टाकणं यांमधला वेळ मुद्दाम थोडासा वाढवायचा. तसं केलं तर कधीतरी होणारी टक्कर हव्या त्या पावलाला घडवता येईल, आणि त्रिशलाला पडावं लागेल. पुन्हा पुन्हा, सगळ्यांसमोर, गाद्यांवर. तिच्या मनात काही असो वा नसो, ठरलेल्या पावलाला ती पडली तर दोष यंत्रणेतच आहे हे कुणालाही नाकारता येणार नाही. डॉ. रणदिव्यांनी आधी साफ नकार दिला. रुग्णाला जाणूनबुजून पाडणं त्यांना मंजूर नव्हतं. शेवटी ते म्हणाले, त्या स्वतः मागणी करत असतील तरच.

भूपालही तयार नव्हता. कण्याला पुन्हा दुखापत झाली तर आहे तेही जाईल, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. त्रिशलाने त्याचं सगळं ऐकून घेतलं.

"मला पडू दे," ती म्हणाली. "आजपर्यंत एकटीच पडत आले. एकदा सगळ्यांच्या देखत पडते."

त्या दिवशी संस्थेच्या व्यायामशाळेत जाड गाद्या अंथरल्या होत्या. त्रिशलाच्या डोक्याला आणि पाठीला पट्टे बांधले होते. नाझनीनने आधीच एका कागदावर लिहून डॉ. रणदिव्यांच्या हातात दिलं होतं की तिसऱ्या पावलाला, भार असलेला डावा पायच उचलला जाईल. त्रिशला चालली. तिसऱ्या पावलाला डावा पाय उचलला गेला आणि ती पडली. उठली. पुन्हा चालली. पुन्हा तिसरंच पाऊल. नाझनीनने वेळ बदलला, आता पाचव्याला म्हणाली. पाचव्याला पडली. भूपाल गाद्यांच्या कडेला बसला होता. पहिल्या दोन वेळा तो तिला उचलायला उठला. नंतर उठला नाही, तोंडावर हात धरून बसून राहिला. ती अजून पडायला तयार होती, पण डॉ. रणदिव्यांनी हात वर केला. बूट काढून ते गादीवर आले आणि तिच्याशेजारी खाली बसले.

"मी भीती म्हणून लिहून दिलं होतं," ते म्हणाले. "ते मी मागे घेतो. मला माफ करा."

दुरुस्ती सोपी वाटत होती. नाझनीनने देहचित्राला कुलूप घातलं. किल्ली एकच. जो धागा किल्ली घेईल त्यानेच वाचायचं आणि लिहायचं, तोवर बाकीच्यांनी थांबायचं. त्रिशलाला हे सांगावं लागलं नाही. खो मिळाल्याशिवाय जागेवरून उठायचं नाही, हे ती पोरींना रोज शिकवत होती. पडणं खरोखर थांबलं. पण सगळे धागे एका किल्लीसाठी रांग लावू लागले आणि चालणं मंदावलं. म्हणून नाझनीनने दोन किल्ल्या केल्या, डाव्या अंगाची एक आणि उजव्या अंगाची एक.

त्यानंतर एका दुपारी त्रिशला आणि भूपाल यंत्रमागांच्या गल्लीतून चालले होते. दोन्ही बाजूंनी मागांचा खडखडाट चालू होता. सुताची बाचकी लादलेला एक ट्रक रिव्हर्समध्ये मागे मागे येत होता. भूपाल बोलत बोलत चार पावलं पुढे गेला आणि उत्तर येईना म्हणून वळला. त्रिशला रस्त्याच्या मधोमध उभी होती. एक टाच उचललेली, हात किंचित पुढे, आणि कमरेखाली दगड. तिची हाक मागांच्या खडखडाटात विरून गेली होती. ट्रक मागे येत होता आणि ड्रायव्हर दुसऱ्या बाजूच्या आरशात बघत होता. भूपाल ओरडत धावला. ट्रकच्या मागच्या फळीवर त्याने दोन्ही हात आपटले. ट्रक थांबला तेव्हा मध्ये एक हात अंतर राहिलं होतं. त्याने तिला उभीच्या उभी उचलून कडेला आणलं. तिचे पाय तसेच होते, एक टाच उचललेली.

तिला फुटपाथवर टेकवून तो समोर बसला. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती त्याच्याकडे बघत होती, विश्वास ठेवणार की नाही, एवढंच विचारत.

"मला ठाऊक आहे," भूपाल म्हणाला. "तू थांबली नव्हतीस."

दोघांतली ती भिंत त्या क्षणी पडली. नंतर कधी त्याबद्दल बोलायची वेळ आली नाही.

नाझनीनला कारण लगेच कळलं. दोन्ही किल्ल्या लागणारी दोन कामं एकाच वेळी निघाली होती. एकाने डावी किल्ली घेतली आणि उजवीची वाट बघत बसलं. दुसऱ्याने उजवी घेतली आणि डावीची वाट बघत बसलं. कुणीच सोडणार नव्हतं. सगळ्यांनी डावी किल्लीच आधी घ्यायची, असा नियम घालून हा पेच सुटला असता. पण थांबणं तर उरलंच असतं. ठेच लागल्यावर सावरायला जो क्षण मिळतो, त्यात रांगेला जागा नसते.

काही आठवडे त्रिशला पुन्हा चाकांच्या खुर्चीवर बसली. या वेळी तिने स्वतःच सेतू बंद केला होता. नाझनीन मधून मधून फोन करायची. एकदा म्हणाली, ताई, मी चुकीचा प्रश्न विचारत होते. चित्र एकच, लिहिणारे अनेक, मग त्यांना शिस्त कशी लावायची, हे मी विचारत बसले. चित्र बदलायचंच कशाला?

नवी पद्धत तयार झाली तेव्हा तिने दोघांना पुण्याला बोलावलं. आता एकदा काढलेल्या चित्रावर कुणी काही लिहीत नव्हतं. ज्याला दुरुस्ती करायची असेल त्याने आताचं चित्र बघायचं आणि स्वतःचं संपूर्ण नवं चित्र काढायचं. काढून झालं की एकाच, तोडता न येणाऱ्या कृतीत ते मांडायचं. मात्र आपण पाहिलेलं चित्रच अजून चालू असेल तरच. मध्ये दुसऱ्याचं चित्र लागलं असेल, तर आपलं फाडायचं आणि नव्यावरून पुन्हा काढायचं. यात किल्ली नाही आणि कुणी कुणाला अडवत नाही. प्रत्येक वेळी कुणाचं ना कुणाचं चित्र लागतंच, म्हणून देह कधी थिजत नाही.

"ज्याचं फाडलं जातं तो?" त्रिशलाने विचारलं.

"पुन्हा काढतो. तक्रार करत नाही."

मग नाझनीनने तिला चालायला सांगितलं. खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्रिशला गेली. चालणं हलकं होतं, पहिल्या दिवसांपेक्षाही हलकं. वळताना तिने मुद्दाम पाय घसटला. देह डुलला आणि सावरला. काय झालं ते तिला कळायच्या आत सावरला होता.

नाझनीनने दिवे मंद केले. त्रिशलाच्या आत्ताच्या चालण्यातलं फक्त एक पाऊल, टाच उचलल्यापासून टेकेपर्यंतचं, तिने सावकाश करून समोरच्या भिंतीवर दाखवलं. प्रत्येक देहचित्राची तिने पारदर्शक आकृती केली होती. आधी एक बाई दिसली, चालायच्या तयारीत. तिच्यामागे दुसरी, केसाएवढी पुढे कललेली. मग तिसरी. मग त्यांची रांग लागली, रांगेच्या मागे रांग, खोलीची भिंत संपून जावी इतकी लांब. काही आकृत्या उजळ होत्या, त्या लागलेल्या. त्यांच्या आजूबाजूला कितीतरी फिकट, त्या काढून फाडलेल्या. त्या चुकीच्या नव्हत्या. एका निमिषापूर्वी त्या खऱ्या ठरल्या असत्या. उजळ बाया त्या फिकट बायांमधून वाट काढत, अजिबात न थबकता, पुढे चालल्या होत्या.

त्रिशला भिंतीजवळ गेली. प्रकाश तिच्या अंगावर आला आणि त्या सगळ्या आकृत्यांत ती मिसळून गेली. तिने मान वर केली. लहानपणी बाहुबलीच्या डोंगरावर मूर्तीच्या पावलांशी उभं राहून तिने वर पाहिलं होतं आणि मान दुखेपर्यंत पाहतच राहिली होती. तसं काहीतरी तिच्या छातीत दाटून आलं, आणि हे तर तिच्या स्वतःच्या एका पावलाबद्दल होतं.

"एवढ्या जणी," मागून भूपाल हळू आवाजात म्हणाला, "एक पाऊल टाकायला?"

"तुमचंही असंच चालतं, दादा," नाझनीन म्हणाली. "आमच्या यंत्राहून कितीतरी चांगलं. कसं, ते आम्हाला अजून नीट माहीत नाही."

नवी पद्धत सव्वाशे लोकांपर्यंत पोचली, आणि त्याबरोबर डॉ. रणदिव्यांचं पत्रही: पडणं खरं होतं, दोष आमचा होता. काही दिवसांनी परभणीहून वामनराव खिल्लारे नावाचे गृहस्थ आपल्या मुलाबरोबर इचलकरंजीला आले. पूर्वी ते एसटीचे ड्रायव्हर होते. तेही पडायचे. भीती मनातून काढा म्हणून घरच्यांनी वर्षभर समजावलं, मग मुलाने एक दिवस कमरेचा संगणक काढून कपाटात ठेवला. त्यानंतर नवी पद्धत येईपर्यंत ते बाजेवरच होते.

चहा झाला. वामनरावांनी इकडचं तिकडचं बोलून घेतलं, रस्ते कसे आहेत, गाडी कुठे बदलावी लागली. मग कप खाली ठेवून विचारलं, "ताई, पडायच्या आधी तुम्हाला कळायचं का?"

"नाही," त्रिशला म्हणाली. "काहीच कळायचं नाही. पाय आपोआप जायचा."

वामनरावांनी मान हलवली आणि मुलाकडे पाहिलं. दोष दिला नाही, नुसतं पाहिलं. मुलगा चाळिशीचा होता. तो उठून व्हरांड्यात गेला आणि खांबाशी पाठमोरा उभा राहिला. भूपाल त्याच्यामागे गेला. तो त्याच्या शेजारी उभा राहिला. मुलाच्या त्या पाठमोरं उभं राहण्याचा अर्थ त्या घरात त्याच्याइतका कुणाला कळत नव्हता.

निरोप द्यायला चौघं चालत स्टँडकडे निघाले. मुलाने वडिलांचा हात धरला होता, तो वामनरावांनी अलगद सोडवला. गल्लीच्या तोंडाशी भोंगा झाला आणि पाळी सुटली. मागांच्या शेडमधून माणसं बाहेर पडू लागली, आधी पाच-दहा, मग शेकडो. कुणी डबा हलवत, कुणी फोनवर बोलत, एक जण लंगडत, दोघं एकमेकांना ढकलत हसत. कुणी कुणाच्या अंगावर आदळत नव्हतं. कुणी आपल्या पायांकडे बघत नव्हतं.

त्रिशला थांबली. वामनरावही थांबले. ती माणसं दोन्ही बाजूंनी त्यांना वळसा घालून जात होती, आणि ती दोघं पाण्यात उभं राहावं तशी त्या पावलांमध्ये उभी राहून बघत होती. पुढे गेलेला भूपाल मागे वळला. काय झालं म्हणून विचारायला त्याने तोंड उघडलं, मग तिचा चेहरा पाहिला आणि तोही वळून त्या पायांकडे बघू लागला.